ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान जगण्यासाठी कसं वाचावं: सोळा आठवड्यांचा वाचनक्रम

ल्युसिलिअसनं आपला मित्र, रोमन तत्त्वज्ञ सेनेका याच्याकडे एकदा सुवचनं मागितली. आधीच्या पत्रांच्या शेवटी असायचं तसं एखादं घोटीव वाक्य पुढेही येत राहावं, एवढीच त्याची इच्छा होती. तेहेतिसाव्या पत्रात सेनेका त्याला साफ नकार देतो. सुटी वाक्यं वेचणं पोरवयात ठीक, जाणत्या माणसानं ग्रंथ सगळा पाहावा, असं तो सांगतो आणि आपल्या स्टोइक पंथाच्या, म्हणजे मनाचा तोल राखायला शिकवणाऱ्या पंथाच्या, आद्य गुरूंची नावं घेऊन विचारतो: हे झेनो म्हणाला, ते क्लिअँथिस म्हणाला, पण तू काय म्हणतोस?

आज हे तत्त्वज्ञान आपल्यापर्यंत बहुतेक वेळा त्याच सुट्या वाक्यांतून येतं. फोनवर संगमरवरी पुतळ्याचं चित्र आणि खाली दोन ओळी. त्या वाचून दहा मिनिटं बरं वाटतं, दुपारी कुणी वाकडं बोललं की राग जसाच्या तसा येतो. याचं कारण सरळ आहे. हे लेखन सरावासाठी झालं होतं. स्टोइक गुरू एपिक्टीटसच्या निकोपोलिसमधल्या शाळेत मुलं पंथाचा जुना आचार्य ख्रिसिपस याचे ग्रंथ शिकत आणि मग गुरू त्यांना झापत असे: ख्रिसिपसचा अर्थ लावता येतो म्हणून मिरवू नका, त्याप्रमाणे वागून दाखवा.

म्हणून इथला क्रम असा आहे: थोडे ग्रंथ, ते शक्य तितके पूर्ण, हळू, वही घेऊन, आणि वाचलेल्यातली एक गोष्ट त्याच आठवड्यात करून पाहायची. आठवड्याचे पाच दिवस, रोज चाळीस मिनिटं. त्यातली पंचवीस वाचनाला, पंधरा वहीला. उरलेले दोन दिवस मागचं पुन्हा वाचायला किंवा राहिलेलं भरून काढायला. याहून वेगानं वाचण्यात काही मिळत नाही.

आवृत्ती आणि वही

पार्श्वभूमीसाठी मराठी विश्वकोशातल्या सॉक्रेटिस, प्लेटो, ॲरिस्टॉटल यांवरच्या नोंदी आधी वाचून घ्या. मूळ ग्रंथ इंग्रजीतून वाचणार असाल तर भाषांतराची निवड फार महत्त्वाची. जॉर्ज लाँगचा एपिक्टीटस आणि मार्कस ऑरेलियस (स्टोइक विचारांचा रोमन सम्राट), जॉवेटचा प्लेटो हे इंटरनेटवर फुकट मिळतात, पण त्यांचं इंग्रजी एकोणिसाव्या शतकातलं आणि जड आहे. पुष्कळ वाचक तत्त्वज्ञान अवघड म्हणून सोडतात, तेव्हा त्यांना नडलेलं असतं ते हे जुनं इंग्रजी. पैसे खर्चता येत असतील तर एपिक्टीटससाठी रॉबिन हार्ड, प्लेटोसाठी ग्रूब आणि ॲरिस्टॉटलसाठी टेरेन्स अर्विन घ्या. सेनेकाची सगळी १२४ पत्रं हवी असतील तर मार्गारेट ग्रेव्हर आणि ए. ए. लाँग यांचं २०१५ चं भाषांतर उत्तम आहे. फुकटात हवी असतील तर गमीअरचं जुनं भाषांतरही चालण्यासारखं आहे. मार्कससाठी ग्रेगरी हेजचं २००२ चं भाषांतर वाचायला सर्वांत सोपं, मात्र सोपेपणासाठी ते मूळ वाक्यं बरीच मोकळी करतं. त्यामुळे अडलेल्या जागी शेजारी दुसरं भाषांतर उघडं ठेवा.

भाषांतर पारखायला एक जागा पुरते. एपिक्टीटसच्या 'एन्किरिडियन' या छोट्या गुटक्याचं पहिलं प्रकरण दोन भाषांतरांत काढा. आपल्या हाती काय आहे याची तिथे यादी आहे: आपली मतं, एखाद्या गोष्टीकडे होणारी ओढ, इच्छा आणि तिटकारा. ही चार नावं वेगवेगळी दिसत असतील आणि वाक्य एका दमात समजत असेल, तर ते भाषांतर घ्या. 'तुमचं मन' असं एकच गुळगुळीत नाव देऊन काम उरकलं असेल तर ते बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट परिच्छेद क्रमांकांची. प्लेटोच्या प्रत्येक चांगल्या आवृत्तीत समासात ३८अ, ४९ब असे आकडे असतात. ते हेन्री एस्तिएननं १५७८ मध्ये छापलेल्या आवृत्तीच्या पानांचे आहेत. ॲरिस्टॉटलचे १०९८अ सारखे आकडे इमॅन्युएल बेकरच्या १८३१ च्या बर्लिन आवृत्तीतले. वहीत नेहमी हेच आकडे लिहा, स्वतःच्या पुस्तकाचा पृष्ठांक लिहू नका. भाषांतर बदललं, मित्राकडे दुसरी आवृत्ती असली तरी जागा क्षणात सापडते.

वहीचं पान असं आखा. डावीकडे क्रमांक आणि लेखकाचं म्हणणं तुमच्या मराठीत, दोन ओळींत. त्याखाली त्यानं दिलेलं कारण. उजवीकडे तुमचा आक्षेप, आणि तळाशी या आठवड्यात कुठे वापरणार ते. कारणाची ओळ रिकामी राहिली तर तो भाग पुन्हा वाचा, कारण म्हणणं लक्षात राहून कारण निसटलं की हाती पुन्हा सुवचनच उरतं. मराठीत लिहिण्याचा आग्रह मुद्दाम धरला आहे. इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवताना न कळलेलं लपून राहतं, स्वतःच्या भाषेत मांडताना लगेच उघडं पडतं.

आठवडे १ ते ३: एपिक्टीटस

एपिक्टीटस हिएरापोलिसचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या पामुक्कलेचा. रोममध्ये तो गुलाम होता, पुढे मुक्त झाला. सम्राट डोमिशियननं तत्त्वज्ञांना हद्दपार केलं तेव्हा त्यानं ग्रीसमधल्या निकोपोलिसला शाळा काढली. स्वतः काहीच लिहिलं नाही. त्याचा शिष्य एरियन यानं प्रवचनं उतरवून घेतली. त्यांची चार पुस्तकं उरली आहेत. 'एन्किरिडियन' हा त्यांतूनच काढलेला ५३ छोट्या प्रकरणांचा गुटका.

पहिल्या दिवशी तो एका बैठकीत वाचून काढा, तासाभरात होतो. नंतर रोज तीन ते चार प्रकरणं, म्हणजे तीन आठवड्यांत सावकाश पूर्ण. पहिल्या प्रकरणासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा. सध्या डोक्यात असलेली एक चिंता घ्या, समजा मुलाखतीची. पानावर दोन रकाने करा. 'माझ्या हाती नाही' या रकान्यात निकाल, समोरच्याचं मत, तुमचं नाव, इतकंच काय, त्या दिवशीची तब्येतही जाईल. शरीरसुद्धा एपिक्टीटस आपल्या हातात धरत नाही. 'माझ्या हाती' या रकान्यात फारच थोडं उरतं: या मुलाखतीला मी किती मोलाची समजतो, खोटं बोलायचं की नाही, नकार आला तर त्याला आपत्ती म्हणायचं का.

इथे हमखास एक चूक होते. लोक उजव्या-डाव्याचा हिशेब 'प्रयत्न माझा, फळ दैवाचं' असा लावून मोकळे होतात. एपिक्टीटसची रेघ त्याहून आत आहे. प्रयत्नालाही अडथळा येऊ शकतो, पाय मोडू शकतो. मनात पहिल्यांदा उमटणारा विचारही त्याच्या मते आपल्या हाती नाही. त्या विचाराला 'हो, खरं आहे' म्हणायचं की थांबायचं, एवढंच हाती आहे. विसाव्या प्रकरणात हीच युक्ती आहे: कुणी अपमान केला तर आधी वेळ मिळवा, थोडा अवधी गेला की स्वतःला सावरणं सोपं जातं. पहिल्या आठवड्याचा प्रयोग म्हणून हेच घ्या. चीड आणणाऱ्या संदेशाला उत्तर देण्याआधी वहीत दोन ओळी लिहायच्या: 'घडलं काय' आणि 'घडलेल्याला मी नाव काय दिलं'. पाचव्या प्रकरणाचा सगळा अर्थ या दोन ओळींत तपासता येतो.

दुसऱ्या आठवड्यासाठी चौथं आणि बारावं प्रकरण. सार्वजनिक स्नानगृहात जाण्याआधी तिथे काय होतं ते आठव, असं तो सांगतो: पाणी उडवणारे, धक्के देणारे, शिव्या देणारे, चोरणारे. बँकेत, सरकारी कचेरीत किंवा लग्नघरी जाण्याआधी दोन मिनिटं हेच करा. बाराव्यात थोडं तेल सांडतं, थोडी दारू चोरीला जाते, आणि तो म्हणतो: मनाच्या शांतीची ही किंमत आहे, फुकट काही मिळत नाही. हा सराव लहानसहान नुकसानांपासून सुरू करावा हे त्यानंच बजावलं आहे. मोठ्या दुःखापासून सुरुवात करणारे पहिल्याच आठवड्यात हरतात.

तिसरं प्रकरण बहुतेकांना दुखावतं. घडा आवडत असेल तर 'मला घडा आवडतो' म्हण, मग तो फुटल्यावर हलणार नाहीस. मुलाला कुरवाळताना 'मी मर्त्य माणसाला कुरवाळतो आहे' म्हण. हे थंड, अमानुष वाटतं, आणि गुटकाच तेवढा वाचला तर तो ग्रह कायमचा बसतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यात प्रवचनांतलं १.११ (पहिल्या पुस्तकाचं अकरावं प्रकरण) जरूर वाचा. तिथे एक बाप सांगतो की मुलगी आजारी पडली तेव्हा प्रेमापोटी बघवेना, म्हणून तो घराबाहेर पळून गेला. एपिक्टीटस त्याला एकेक प्रश्न विचारत दाखवतो की पळणं हे प्रेमाचं काम नव्हतंच. प्रेम असतं तर तो उशाशी बसला असता. त्याला जोडून १.१ आणि २.५ वाचा. गुटक्यातून प्रवचनांतलं हे माणूसपण गळून गेलं आहे.

आठवडे ४ ते ७: सेनेकाची पत्रं

आठवड्याला चार, एकूण सोळा पत्रं: १ (वेळ), २ (वाचन), ५ (दिखावा), ७ (गर्दी), १२ (म्हातारपण), १३ (भीती), १८ (गरिबीचा सराव), २३ (आनंद), २८ (प्रवास), ३३ (सुवचनं), ४७ (गुलाम), ५६ (गोंगाट), ६३ (मित्राचा मृत्यू), ७८ (आजार), ८४ (वाचलेलं पचवणं), ९१ (लिऑन शहराची आग).

सेनेकाचं पत्र बहुधा एखाद्या किरकोळ गोष्टीनं सुरू होतं. बाराव्यात तो आपल्या मळ्यावर जातो. पडकं घर, वठलेली झाडं, ओळखू न येणारा म्हातारा नोकर पाहतो आणि आपणच म्हातारे झालो हे त्याच्या लक्षात येतं. छपन्नाव्यात तो स्नानगृहाच्या वर राहतो आणि खालचे आवाज एकेक करून ऐकवतो: वजनं उचलणाऱ्यांचे हुंकार, केस उपटणाऱ्याचं किंचाळणं, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या आरोळ्या. आतून शांत असलं की बाहेरच्या गोंगाटानं काही होत नाही असं सगळं पत्रभर समजावतो, आणि शेवटी जागा सोडायचं ठरवतो. पत्र वाचताना हे वळण पेन्सिलीनं टिपा: किरकोळ गोष्ट कुठे संपली, मुद्दा कुठे सुरू झाला, आणि तो स्वतःलाच कुठे अडवतो. तिसरी खूण सर्वांत मोलाची. त्रेसष्टाव्या पत्रात दुःखाला मर्यादा घाला असं सांगता सांगता तो कबूल करतो की अनिअस सेरेनस या आपल्या मित्रासाठी तो स्वतः बेसुमार रडला होता. स्टोइक म्हणजे दगड, हा समज ते पत्र वाचल्यावर टिकत नाही.

या चार आठवड्यांत तीन सराव.

पहिला अठराव्या पत्रातला. महिन्यातून तीन-चार दिवस अगदी साधं, स्वस्त खाणं आणि जाडेभरडे कपडे. आणि स्वतःला विचारायचं, 'मी भीत होतो ते हेच का?' प्रत्यक्षात असं करा: सलग तीन दिवस घरात असेल ते, एकच भाजी किंवा आमटी, गोड नाही, बाहेरचं नाही, नवी खरेदी नाही. हा उपास नव्हे, पोट भरायचं आहे. मधुमेह, गर्भारपण, आजारपण किंवा खाण्यासंबंधी मानसिक त्रास असेल तर अन्नाला हात न लावता करमणूक आणि खरेदी यांपुरता सराव ठेवा. कुणाला सांगू नका. सेनेका ल्युसिलिअसला बजावतो की यात मोठं काही केलं असं समजू नकोस, हजारो गुलाम आणि गरीब रोज हेच करतात.

दुसरा रात्रीचा हिशेब. तो पत्रांत नसून 'क्रोधाविषयी' या त्याच्या ग्रंथात आहे, तिसऱ्या पुस्तकाचं छत्तिसावं प्रकरण. दिवा मालवल्यावर, त्याची सवय ठाऊक असलेली बायको गप्प झाल्यावर तो दिवसभराचं वागणं तपासतो. सेक्स्टिअस या आधीच्या तत्त्वज्ञाकडून घेतलेले प्रश्न तीन: आज कोणती वाईट सवय बरी केलीस? कोणत्या दोषाला विरोध केलास? कशात सुधारलास? दहा मिनिटं, तीन ते पाच ओळी, याहून जास्त नाही. शेवटी सेनेका स्वतःला म्हणतो, 'या वेळी माफ करतो, पुन्हा करू नकोस.' हे वाक्य गाळलं की हिशेबाचं रूपांतर स्वतःला झोडपण्यात होतं आणि लोक आठवड्यात तो सोडतात. वहीत माफीची ओळ रोज लिहा. आणि चूक नेमकी लिहा: 'मी फार रागीट आहे' यानं काही हाती लागत नाही, 'जेवताना हिशेबाचा विषय निघाल्यावर आवाज चढवला' यानं लागतं.

तिसरा सराव वाईटाची पूर्वकल्पना. एक्क्याण्णवाव्या पत्रात एका रात्रीत लिऑन जळून जातं आणि सेनेका म्हणतो, जे घडू शकतं ते सगळं आधी मनानं पाहून ठेवावं. सराव पाच मिनिटांचा ठेवा: एकच प्रसंग, तो घडला तर करण्यासारख्या दोन गोष्टी, मग वही बंद. ज्यांना आधीच चिंतेचा त्रास आहे त्यांनी हा सराव गाळून तेरावं पत्र वाचावं. तिथे तो उलट बाजूनं सांगतो की आपण प्रत्यक्षापेक्षा कल्पनेतच जास्त सोसतो. आणखी एक इशारा. सत्तरावं आणि सत्त्याहत्तरावं पत्र आत्महत्येचं समर्थन करण्याकडे झुकतं. मन खचलेलं असताना ती वाचू नयेत, आणि असे विचार येत असतील तर पुस्तक ठेवून जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलावं.

सेनेका गडगंज श्रीमंत होता, नीरोचा शिक्षक आणि सल्लागार होता, आणि इ.स. ६५ मध्ये नीरोच्याच हुकमानं त्याला मरावं लागलं. हे झाकून वाचू नका. त्याच्या काळातही लोक त्याला हेच विचारत होते. 'सुखी जीवनाविषयी' या लेखात १७ व्या प्रकरणापासून त्यानं दिलेलं उत्तर वाचा आणि ते पटतं का ते वहीत लिहा.

आठवडे ८ आणि ९: एपिक्युरस

सात आठवडे स्टोइकांबरोबर काढल्यावर त्यांच्या विरोधकाकडे, म्हणजे सुखाला जगण्याचं ध्येय मानणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसकडे, जाणं आवश्यक आहे. एकाच पंथात राहिलं की त्याची भाषा सवयीची होते आणि प्रश्न पडणं बंद होतं. सेनेका स्वतः दुसऱ्या पत्रात एपिक्युरसचं वाक्य घेतो आणि म्हणतो, मी शत्रूच्या छावणीत जातो, पळपुटा म्हणून नाही, टेहळ्या म्हणून.

एपिक्युरसनं मेनोइकिअसला लिहिलेलं पत्र पाच-सहा पानांचं आहे. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणाऱ्या डायोजिनीस लाएर्टिअसच्या ग्रंथाच्या दहाव्या पुस्तकात १२२ ते १३५ या क्रमांकांत ते सापडतं. त्याच पुस्तकाच्या शेवटी चाळीस 'प्रमुख सिद्धान्त' आहेत. पत्र पहिल्या आठवड्यात तीनदा वाचा, सिद्धान्त दुसऱ्या आठवड्यात.

मध्यवर्ती सराव इच्छांची वर्गवारी. एका आठवड्याचा घरखर्च समोर घ्या आणि प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा: नैसर्गिक आणि गरजेची (भूक, निवारा, मैत्री), नैसर्गिक पण गरजेची नसलेली (तेच अन्न पण चमचमीत), आणि पोकळ (जिला शेवटच नाही: नाव, सत्ता, अमाप पैसा). मधल्या वर्गावर बंदी नाही. एपिक्युरस मित्राला पत्रातून चीज मागवतो, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल. त्याची मेजवानी एवढीच. 'खा, प्या, मजा करा' हा त्याच्यावरचा जुना आळ आहे. पत्राच्या १३१ आणि १३२ क्रमांकांत त्यानं तो स्वतःच खोडला आहे. सुखाची त्याची व्याख्या शरीराला वेदना नसणं आणि मनाला अस्वस्थता नसणं ही आहे.

वहीत या दोन आठवड्यांचा शेवट एका प्रश्नानं करा: राजकारणापासून आणि सार्वजनिक जीवनापासून दूर राहा असं एपिक्युरस म्हणतो, नागरिक म्हणून कर्तव्य करा असं स्टोइक म्हणतात; माझ्या वयाला आणि कामाला कोण बरोबर? उत्तर अर्ध्या पानाचं, कारणांसह.

आठवडे १० ते १२: सॉक्रेटिस

सॉक्रेटिस भेटतो तो प्लेटोच्या लेखनातून. क्रम असा: 'यूथिफ्रो', 'अपॉलॉजी', 'क्रिटो'. आठवड्याला एक. तिन्हींचा संबंध सॉक्रेटिसवरच्या इ.स.पू. ३९९ मधल्या खटल्याशी आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक'पासून सुरुवात करू नका. दहा पुस्तकांचा तो ग्रंथ तिसऱ्या-चौथ्या पुस्तकात बहुतेकांना अडकवतो.

'यूथिफ्रो' दोनदा वाचायचा. पहिल्या वाचनात चिडचिड होईल, कारण पावित्र्य म्हणजे काय याचं उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. दुसऱ्या वेळी तक्ता करा: यूथिफ्रोनं दिलेली प्रत्येक व्याख्या आणि ती कोणत्या प्रश्नामुळे कोसळली. मग तीच रीत स्वतःवर. तुम्ही नेहमी वापरता असा एक शब्द घ्या, 'यश', 'कर्तव्य' किंवा 'मान'. व्याख्या एका वाक्यात लिहा, ती खोटी पाडणारं उदाहरण शोधा, व्याख्या दुरुस्त करा, पुन्हा उदाहरण शोधा. तीन फेऱ्या. हा प्रयोग दुसऱ्यावर, विशेषतः घरच्यांवर करू नका. अथेन्समधल्या तरुणांनी सॉक्रेटिसची नक्कल करत लोकांना अडकवायला सुरुवात केली आणि त्याचा राग सॉक्रेटिसवर निघाला, हे तो स्वतः 'अपॉलॉजी'त २३क ला सांगतो.

'क्रिटो'त ४९ पानाजवळ थांबा: अन्यायाची परतफेडही अन्यायानं करू नये. मागच्या वर्षभरातल्या एका भांडणावर हे लावून पाहा.

आठवडे १३ ते १५: ॲरिस्टॉटल

'निकोमाखियन एथिक्स' रुक्ष वाटतं, कारण ती व्याख्यानांची टिपणं असावीत. ती वाचकाला रिझवायला लिहिलेली नाहीत. सगळी दहा पुस्तकं या फेरीत नकोत. तेराव्या आठवड्यात पहिलं पुस्तक, त्यातलं प्लेटोवरचं सहावं प्रकरण गाळून. चौदाव्यात दुसरं पुस्तक आणि चौथ्यातलं रागावरचं पाचवं प्रकरण. पंधराव्यात मैत्रीवरचं आठवं पुस्तक.

'मध्यममार्ग' हा इथला सर्वांत चुकीचा वाचला जाणारा विचार. ॲरिस्टॉटल म्हणजे सगळं बेताबेतानं, असं नाही. तो पहिलवानाचं उदाहरण देतो (११०६अ-ब): दहा माप अन्न फार आणि दोन थोडं, म्हणून उस्ताद सरसकट सहा माप देत नाही. मायलो पहिलवानाला ते कमी पडेल, नवशिक्याला जास्त होईल. रागाचंही तेच. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तितका वेळ रागावणारा माणूस त्याला स्तुत्य वाटतो. कधीच न रागावणारा त्याच्या लेखी चुकतोच. सेनेकाला हे मुळीच मान्य नाही. दोघांची पानं समोरासमोर ठेवून वाचा, हा या सगळ्या क्रमातला सर्वांत रंगतदार दिवस असतो.

दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात प्रत्यक्ष कृती सांगितली आहे. आपला कल कुठल्या टोकाकडे आहे ते ओळखा आणि मुद्दाम उलट बाजूला ओढा. सुखाच्या बाबतीत जास्त सावध राहा, कारण तिथे आपण निःपक्षपाती न्यायाधीश नसतो. रात्रीच्या हिशेबाच्या ओळी मागे जाऊन वाचल्या की कल कुठे आहे हे आता दिसू लागेल.

आठवडा १६: मार्कस ऑरेलियस

लोक सुरुवात मार्कसपासून करतात, आणि इथे तो शेवटी ठेवला आहे. 'मेडिटेशन्स' ही सम्राटानं स्वतःसाठी ग्रीकमध्ये लिहिलेली टिपणं आहेत. युक्तिवाद त्यानं आधीच एपिक्टीटसकडून घेतलेला होता. इथे फक्त आठवण करून देणारी वाक्यं आहेत. मुळातला युक्तिवाद ठाऊक नसेल तर ही वाक्यं सुंदर पण पोकळ वाटतात, आणि ठाऊक असेल तर प्रत्येक ओळीमागे एपिक्टीटसचं प्रकरण दिसतं.

दुसऱ्यापासून पाचव्या पुस्तकापर्यंत आधी वाचा, मग पहिलं. पहिल्यात सतरा परिच्छेदांत कुणाकडून काय शिकलो याची नोंद आहे. सातव्या परिच्छेदात रस्टिकस या गुरूनं एपिक्टीटसची टिपणं वाचायला दिल्याचं ऋण आहे. सराव तसाच: पाच माणसं, प्रत्येकाकडून शिकलेली एक नेमकी वागणूक. 'आईकडून प्रेम' असं लिहू नका, 'आईकडून, पाहुणा निघून गेल्यावर त्याच्याविषयी वाईट न बोलणं' असं लिहा.

गीतेशी तुलना कधी करावी

मराठी वाचकाला दुसऱ्या अध्यायातला स्थितप्रज्ञ पहिल्याच आठवड्यात आठवतो, आणि साम्य खरं आहे. घाई मात्र नुकसान करते. 'हे तर आपल्याकडे आहेच' म्हटलं की पुस्तकाचं पुढचं पान बंद होतं. सोळा आठवडे तुलना वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा: एका बाजूला श्लोक क्रमांक, दुसऱ्या बाजूला ग्रीक ग्रंथाचा क्रमांक, आणि प्रत्येक साम्याखाली किमान एक फरक. फरक ठळक आहेत. स्टोइकांच्या विचारात मोक्ष नाही; एपिक्युरसच्या मते मृत्यूबरोबर आत्म्याचे अणू विखुरतात; आणि स्टोइक तर राग, भीती यांना चुकीची मतं मानतात, आवरायचे विकार नव्हे. तरीही भावना सगळ्या पुसायच्या असं ते म्हणत नाहीत. ऑलस गेलिअस या रोमन लेखकानं एक प्रसंग नोंदवला आहे (१९.१): वादळात जहाजावरचा स्टोइक तत्त्वज्ञ भीतीनं पांढरा पडतो, आणि नंतर एपिक्टीटसच्या प्रवचनांचं पाचवं, आज हरवलेलं पुस्तक काढून दाखवतो की पहिला धक्का शहाण्यालाही बसतो.

अवतरण खरं का

'आपण वारंवार जे करतो तेच आपण असतो. उत्कृष्टता ही कृती नसून सवय आहे' हे ॲरिस्टॉटलच्या नावावर फिरतं. वाक्य विल ड्युरंटचं आहे, १९२६ च्या त्याच्या पुस्तकातलं. 'प्रत्येक माणूस एक कठीण लढाई लढत असतो, म्हणून दयाळू राहा' हे प्लेटोत कुठेच नाही. तपासायला चार पावलं: अवतरणाबरोबर ग्रंथ आणि क्रमांक आहे का ते पाहा, नसेल तर संशय धरा. असेल तर अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संग्रहात तो क्रमांक उघडा. मागचा-पुढचा परिच्छेद वाचा, कारण पुष्कळदा वाक्य खरं असतं पण लेखक ते खोडण्यासाठी उद्धृत करत असतो. मग दुसऱ्या भाषांतराशी ताडा.

न पटणारा भाग

ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या पुस्तकात काही माणसं जन्मतः गुलाम असतात असं म्हणतो. सेनेकाचं ४७ वं पत्र गुलामांना माणूस म्हणून वागवा असं कळकळीनं सांगतं, गुलामगिरी संपवा असं सांगत नाही. ही पानं गाळू नका आणि त्यांच्यामुळे ग्रंथ फेकूनही देऊ नका. सेनेकाच्याच काळात मुसोनिअस रूफस, एपिक्टीटसचा गुरू, स्त्रियांनीही तत्त्वज्ञान शिकावं असं मांडत होता (तिसरं आणि चौथं व्याख्यान), आणि एपिक्युरसच्या बागेत भरणाऱ्या शाळेत स्त्रिया आणि गुलाम यांना प्रवेश होता. म्हणजे 'तेव्हा सगळेच तसा विचार करत' ही सबब चालत नाही. वहीत अशा जागी लिहा: हे मत काढून टाकलं तर बाकीचा युक्तिवाद उभा राहतो का? स्टोइकांचा बहुधा राहतो. ॲरिस्टॉटलच्या बाबतीत प्रश्न अधिक कठीण आहे, कारण त्याच्या सुखी माणसाला लागणारी फुरसत दुसऱ्याच्या श्रमावर उभी आहे.

सोबत वाचायचं असेल तर

तीन ते सहा माणसं, पंधरवड्याला नव्वद मिनिटं. प्रत्येकानं एकच परिच्छेद क्रमांकासह आणि एकच प्रश्न आणायचा. परिच्छेद आधी मोठ्यानं वाचायचा, मग दहा मिनिटं लेखक काय म्हणतो एवढ्यावरच बोलायचं. पटतं की नाही हे त्यानंतर. हा नियम नसेल तर तिसऱ्या बैठकीपर्यंत गप्पांचा विषय पुस्तक सोडून राजकारण होतो. कुणाच्या वहीतला रात्रीचा हिशेब बैठकीत मागायचा नाही.

दुसऱ्या फेरीसाठी सिसेरोचं इ.स.पू. ४४ मध्ये मुलासाठी लिहिलेलं 'कर्तव्यांविषयी', प्लुटार्कचे राग आणि खुशमस्कऱ्यांवरचे निबंध, आणि ॲरिस्टॉटलचं राहिलेलं नववं पुस्तक घ्या. त्याआधी मात्र 'एन्किरिडियन' पुन्हा एकदा, वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीनं.